एमपीव्ही: प्लेटलेटच्या आकाराचा आकडा आला कुठून

पावसाळ्यात मेळघाटापासून गडचिरोलीपर्यंत तापाच्या रुग्णाच्या हातात सीबीसीचा, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीचा, कागद असतोच. प्लेटलेटची संख्या सगळे पाहतात; खाली ‘एमपीव्ही’पुढे बाण दिसला की घोर लागतो. हे प्लेटलेटचे, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या बारीक पेशींचे, सरासरी आकारमान (मीन प्लेटलेट व्हॉल्यूम). साधारण ७ ते ११ फेम्टोलिटर (लिटरचा अतिसूक्ष्म अंश), मशीनगणिक थोडे वेगळे.

इटलीच्या जूलिओ बिझ्झोझेरो यांनी १८८२ मध्ये प्लेटलेट हा रक्ताचा स्वतंत्र घटक असल्याचे दाखवले. १९५० च्या ब्रेचर-क्रॉनकाइट पद्धतीतही मोजायची ती संख्याच: १ टक्का अमोनियम ऑक्सलेटमध्ये रक्त पातळ करून, चेंबरवर (मोजणीच्या चौकटी आखलेल्या काचेवर), सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून.

आकार हाती आला तो वॉलेस कोल्टर यांच्या १९५३ च्या पेटंटमुळे. बारीक छिद्रातून पेशी जाताना विजेला अडथळा होतो. पेशी मोठी, तर अडथळा मोठा. म्हणजे मोजता मोजता आकारही कळतो. मात्र या तत्त्वावरच्या मशीनला पेशी ओळखता येत नाही, तिचे मापच कळते. साधारण २ ते २० फेम्टोलिटरमधले सगळे तिच्या लेखी प्लेटलेट. आपल्या भागात सिकलसेल आणि लोहाची कमतरता दोन्ही भरपूर. लाल पेशींचे तुकडे किंवा फार लहान लाल पेशी त्यात घुसतात आणि संख्या व एमपीव्ही दोन्ही फुगू शकतात. उलट, फार मोठ्या प्लेटलेट लाल पेशी म्हणून मोजल्या जातात.

दुसरी गफलत जांभळ्या झाकणाच्या ट्यूबमधली. तिच्यातल्या ईडीटीएमुळे (रक्त गोठू न देणारे रसायन) चपटी प्लेटलेट गोल होऊन फुगते. पहिल्या एक-दोन तासांत जास्त, मग हळूहळू. उपकेंद्रात सकाळी घेतलेले रक्त तालुक्याला दुपारी लागले, तर वाढलेला एमपीव्ही रुग्णाचा की प्रवासाचा, हे सांगता येत नाही. मे महिन्याच्या उन्हात नमुना बर्फावर ठेवायचा मोह होतो. पण गारठ्यानेही प्लेटलेटचा आकार बदलतो. त्यापेक्षा सावलीत ठेवावा, ट्यूबवर रक्त घेतल्याची वेळ लिहावी, रक्त खुणेपर्यंत भरावे आणि ट्यूब ८-१० वेळा अलगद उलटसुलट करावी.

नमुना ताजा असेल तरच अर्थ लावावा. नव्या प्लेटलेट बहुधा मोठ्या असतात. म्हणून संख्या कमी आणि एमपीव्ही जास्त दिसला, तर अस्थिमज्जा (हाडांतला रक्तपेशी बनवणारा भाग) काम करतेय, प्लेटलेट बाहेर नष्ट होताहेत, असा कयास करता येतो. कयासच, डेंग्यूत एकट्या एमपीव्हीवर काहीही ठरवू नये. संख्या अचानक फार कमी आली, तर आधी स्लाइडवर प्लेटलेटच्या गुठळ्या पाहाव्यात; ईडीटीएमुळे त्या होऊ शकतात आणि मशीन त्या नीट मोजत नाही. त्या दिसल्या तर सायट्रेटच्या ट्यूबमध्ये पुन्हा रक्त घ्यावे आणि आलेल्या संख्येला १.१ ने गुणावे, कारण त्यातल्या द्रवाने रक्त थोडे पातळ होते.