बियांमधील संचयी प्रथिने

रोपाला मुळे आणि हिरवी पाने येऊन ते स्वतःच्या पायावर उभे राहीपर्यंत लागणाऱ्या नायट्रोजनची तरतूद म्हणून बियांत साठवलेली प्रथिने. कडधान्यांत ती मुख्यतः दलिकांमध्ये (बीजपत्रांत) असतात. तृणधान्यांत भ्रूणपोषात (दाण्यातील भ्रूणाच्या अन्नसाठ्यात) आणि त्याच्या कडेच्या अ‍ॅल्युरोन थरात. मूग, हरभरा, तूर यांच्या दाण्यात साधारण २० ते २५ टक्के प्रथिने असतात, सोयाबीनमध्ये ४० टक्क्यांच्या आसपास.

अमेरिकी रसायनशास्त्रज्ञ टी. बी. ऑस्बर्न यांनी ही प्रथिने कशात विरघळतात त्यावरून त्यांचे चार गट पाडले: पाण्यात अल्ब्युमिने, मिठाच्या द्रावणात ग्लोब्युलिने, अल्कोहोलमिश्रित पाण्यात प्रोलॅमिने, सौम्य अल्कलीत किंवा आम्लात ग्लुटेलिने. वर्गीकरण ढोबळ आहे, पण त्याहून सोयीचे दुसरे न सापडल्याने ते टिकून आहे. कडधान्यांत ग्लोब्युलिनांचा वरचष्मा असतो: तीन घटकांचे व्हिसिलिन आणि सहा घटकांचे लेग्युमिन. त्यांत ग्लुटामिन, अस्पॅराजिन, अर्जिनिन ही नायट्रोजनबहुल अमिनो आम्ले भरपूर असतात. गंधकयुक्त मेथिओनिन मात्र कमी. तृणधान्यांत उलट लायसिनची उणीव असते, म्हणून वरण आणि भात एकमेकांची कमतरता भरून काढतात.

साठवण. दाणा भरत असताना ही प्रथिने खडबडीत आंतर्द्रव्यजालिकेवर तयार होतात. तेथे त्यांच्या अमिनो आम्लांच्या साखळीची घडी पडते आणि अशा तीन-तीन साखळ्या एकत्र येतात. पुढे पिटिकांतून (पेशीतील लहान पिशव्यांतून), बहुधा गॉल्जी संकुलामार्गे, ती साठवणीच्या रिक्तिकेत पोहोचतात. लेग्युमिनच्या साखळीचा ठरावीक जागी छेद तेथेच होतो, आणि त्यानंतरच सहा घटकांचा घट्ट रेणू जुळतो. दाणा वाळताना रिक्तिकेची जागा प्रथिनांनी गच्च भरलेले, आवरणयुक्त लहान-लहान कण घेतात. त्यांना प्रथिनपिंड म्हणतात. एरंडाच्या बीत या पिंडात प्रथिनाचा स्फटिक आणि शेजारी फायटिनची (फॉस्फरसच्या साठ्याची) गोळी सूक्ष्मदर्शकाखाली वेगवेगळी ओळखू येते. तांदळात साठवणीच्या दोन तऱ्हा एकाच पेशीत नांदतात: प्रोलॅमिन आंतर्द्रव्यजालिकेतच गोळा होऊन राहते, ग्लुटेलिन मात्र रिक्तिकेत जाते.

विघटन. ‘अंकुरण होताना प्रथिने फुटतात’ असे सर्रास लिहिले जाते, पण काटेकोर अर्थाने मूलांकुर बाहेर पडला की अंकुरण संपते, आणि दलिकांतील साठ्याचे मोठे विघटन त्यानंतर सुरू होते. मुगात हे फार चांगले अभ्यासले गेले आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन दिएगो शाखेतील मार्टेन क्रिस्पील्स आणि सहकाऱ्यांनी १९७०च्या दशकात दाखवले, की व्हिसिलिन तोडणारे मुख्य विकर (एन्झाइम) कोरड्या दाण्यात तयार नसतेच. दाणा भिजून रोप वाढू लागल्यावर ते आंतर्द्रव्यजालिकेवर नव्याने बनते आणि प्रथिनपिंडांत नेले जाते. हे सिस्टीन प्रोटीएज (प्रथिने तोडणाऱ्या विकरांचा एक प्रकार) आधी निष्क्रिय रूपात असते. त्याचा काही भाग छाटला गेल्यावर ते कामाला लागते.

म्हणजे कोठार आणि त्याची किल्ली एकत्र ठेवलेली नसते. शिवाय कोरड्या दाण्यात पाणी जेमतेम दहा टक्के असते आणि संचयी प्रथिनाची घडी इतकी घट्ट असते की बहुतेक विकरांना ते सहजी तोडता येत नाही. नवे विकर पहिल्यांदा साखळीच्या उघड्या वळणांवर मोजके छेद घेते. घडी सैल पडली की कार्बॉक्सिपेप्टिडेजसारखी इतर विकरे टोकाकडून एकेक अमिनो आम्ल सुटे करतात.

मुगाच्या दलिकेचा पातळ छेद घेतला तर हे काम सगळीकडे एकदम चालू नसल्याचे दिसते. शिरांपासून सर्वांत दूरच्या पेशींत पिंड आधी रिकामे होतात आणि विघटनाची लाट शिरांकडे सरकते. रिकामे पिंड एकमेकांत मिसळून मोठी रिक्तिका होते, आणि शेवटी ती पेशीच विरघळून जाते. सुटलेला नायट्रोजन बराचसा अस्पॅराजिनच्या रूपाने वाढत्या रोपाकडे जातो. दलिका सुरकुतून गळते ती यानंतर.

तृणधान्यांत कामाची वाटणी वेगळी आहे. बार्लीत भ्रूणाकडून जिबरेलिन हे संप्रेरक आले की अ‍ॅल्युरोन पेशी स्वतःची प्रथिने मोडून त्यांच्या अमिनो आम्लांतून अमायलेज (पिष्ट तोडणारे विकर) व प्रोटीएज बनवतात आणि भ्रूणपोषात सोडतात. भ्रूणपोषाच्या पेशी पक्व दाण्यात आधीच मृत असतात, त्यामुळे सगळी यंत्रणा बाहेरूनच यावी लागते.

आहारातील महत्त्व. मोड आल्याने प्रथिने वाढतात हा समज चुकीचा आहे. दाण्यात बाहेरून नायट्रोजन येत नाही. श्वसनात कर्बोदके खर्ची पडल्याने कोरड्या वजनातील प्रथिनांची टक्केवारी थोडी चढते, इतकेच. उसळीसाठी मोड दिसताच शिजवलेल्या मुगात बहुतेक व्हिसिलिन शाबूतच असते. कमी होतात ती ट्रिप्सिनला (आतड्यात प्रथिने पचवणाऱ्या विकराला) अडवणारी प्रथिने आणि फायटिन, आणि पचनाच्या दृष्टीने तेच उपयोगी आहे. बिअरसाठी बार्लीचे माल्ट करताना मात्र प्रथिनांचे विघटनही हवे असते: काही दिवस रुजवून, किण्वाला (यीस्टला) पुरतील इतकी अमिनो आम्ले सुटली की दाणे उष्णतेने वाळवून वाढ थांबवतात.