कायद्यातलं धान्य आणि जीआरवरचं धान्य

"सरकारने लेखी दिलंय, आता ते कोण काढून घेणार?" निराधार योजनेचे अर्ज भरून देताना हे मी सतत ऐकतो. बोलणारा जीआरची, म्हणजे शासन निर्णयाची, झेरॉक्स पुढे करतो. शेवटी छापलेलं असतं, 'महाराष्ट्राचे राज्यपाल यांच्या आदेशानुसार व नावाने'. राज्यपालांचं नाव आलं म्हणजे कायदा झाला, असं त्याला मनापासून वाटतं. कार्यकर्ते आणि पत्रकारही हीच गल्लत करतात आणि तिची किंमत गरीब माणूस मोजतो, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

रेशन कसं मिळतं हे इथे सांगत बसत नाही. अंत्योदयला, म्हणजे सगळ्यात गरीब कुटुंबांना, कार्डामागे ३५ किलो, त्यांच्या वरच्या गटातल्या प्राधान्य कुटुंबाला माणशी ५ किलो, सध्या मोफत. योजना केंद्राची की राज्याची, पैसे मिळतात की धान्य, हे फरकही आहेत, पण त्यांनी कुणी फारसं अडत नाही.

माणूस अडतो तो एकाच प्रश्नावर: जे मिळतं ते अधिनियमात, म्हणजे कायद्यात, लिहिलंय की शासन निर्णयात?

राज्यपालांचं नाव बदलीच्या आदेशावरही असतं, कारण घटनेच्या कलम १६६ प्रमाणे राज्याचा सगळा कारभार त्यांच्याच नावाने चालतो. जीआर म्हणजे एका खात्याने घेतलेला निर्णय. तेच खातं उद्या दुसरा जीआर काढून पहिला 'अधिक्रमित' करू शकतं, म्हणजे पहिला रद्द आणि त्याच्या जागी नवा. त्यासाठी विधानसभेत मतदान लागत नाही. कायदाही बदलता येतो, पण त्यासाठी विधेयक आणावं लागतं, ते सभागृहात सगळ्यांसमोर मांडावं लागतं.

मराठवाड्यात आणि विदर्भात हे लोकांनी अंगावर झेललंय. २०१५ मध्ये राज्याने १४ आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांतल्या केशरी कार्डधारक शेतकऱ्यांना माणशी ५ किलो धान्य सुरू केलं, गहू २ रुपये आणि तांदूळ ३ रुपये किलो. शेजारच्या प्राधान्य कुटुंबालाही तेव्हा तेवढंच धान्य त्याच भावात मिळत होतं. दुकान एक, रांगही एक. त्यामुळे दोघांचा हक्क सारखाच आहे असं सगळे धरून चालले. पण शेजाऱ्याचं धान्य राष्ट्रीय अन्न सुरक्षा अधिनियम, २०१३ मधून येत होतं आणि शेतकऱ्याचं राज्याच्या निर्णयातून. २०२२ मध्ये या योजनेसाठी धान्य मिळेनासं झालं आणि फेब्रुवारी २०२३ च्या जीआरने धान्याऐवजी माणशी महिना १५० रुपये खात्यात टाकायचं ठरलं. पाच किलोला १५०, म्हणजे किलोमागे ३० रुपये. बाजारभाव वाढला की ही रक्कम आपोआप वाढेल अशी सोय त्यात नव्हती. शेजाऱ्याचं धान्य चालूच राहिलं.

कायद्याखालच्या कुटुंबाला धान्य मिळालं नाही, तर कलम ८ प्रमाणे अन्न सुरक्षा भत्ता द्यावा लागतो. तो हमीभावाच्या सव्वापटीतून रेशनचा दर वजा करून काढतात, म्हणजे हमीभाव वाढला की भत्ताही वाढतो. जिल्हा तक्रार निवारण अधिकारी आणि राज्य अन्न आयोग यांच्याकडे दाद मागता येते. केशरी कार्डाच्या शेतकऱ्याला यातलं काहीच लागू झालं नाही. तो निवेदन देऊ शकत होता, एवढंच.

निराधारांना दर महिन्याला पैसे देणारी संजय गांधी निराधार योजना याच जातीची. २०२३ च्या जुलैपासून मदत हजाराची दीड हजार झाली, ती जीआरने. बहुतेक अर्जदारांना कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची २१ हजारांची अट आहे, म्हणजे महिन्याला १,७५० रुपये. तीही कायद्यात नाही. अशा योजनेला कात्री लावायला 'योजना बंद' असा आदेश काढावा लागत नाही. तरतूद कमी ठेवली, वितरण लांबवलं की पुरे. कचेरीत फक्त एवढंच कळतं, 'अनुदान आलेलं नाही'. केंद्राच्या वृद्धापकाळ पेन्शनमध्ये साठ ते एकोणऐंशी वयाच्या माणसासाठी केंद्राचा वाटा २००७ पासून २०० रुपयेच आहे. तो कुणी कापला नाही, महागाईनेच खाऊन टाकला.

कायदा झाला म्हणजे सगळं मिटलं असंही नाही. किती लोकांना धान्य द्यायचं हे अजून २०११ च्या जनगणनेवरच ठरतं, त्यामुळे इष्टांक, म्हणजे ठरवून दिलेली लाभाची संख्या, शिल्लक नसला की नवं पात्र कुटुंब ताटकळतं. त्याच अन्न सुरक्षा कायद्याच्या कलम ४ मध्ये गरोदर बाईला किमान ६,००० रुपये लिहिलेत, आणि केंद्राच्या मातृवंदना योजनेत पहिल्या बाळंतपणाला ५,००० मिळतात. पण तिथे आपल्याला कलमावर बोट ठेवता येतं. जीआरवरच्या योजनेत बोट ठेवायला काही नसतं.

म्हणून मला 'लाभार्थी' हा शब्द रेशनच्या बाबतीत अजिबात चालत नाही. कायद्यात 'पात्र कुटुंब' म्हटलंय. हक्काच्या माणसाला लाभार्थी म्हणायचं आणि जीआरवरच्या योजनेला 'हक्काची योजना', हे उलटं बोलणं आधी थांबवावं.

अर्थसंकल्पाच्या वेळी 'निधी वाढवा' एवढीच मागणी करणारी निवेदनं मला अपुरी वाटतात. निधी वाढतो आणि पुढच्या वर्षी घटतो. महाराष्ट्राने १९७२ च्या दुष्काळातली रोजगार हमी १९७७ मध्ये कायद्यात घातली आणि तिच्या पैशासाठी १९७५ पासून व्यवसाय कर लावला, तोच जो आजही पगारपत्रकावर कापलेला दिसतो. राजस्थानने २०२३ मध्ये किमान हजार रुपये पेन्शन आणि त्यात दरवर्षी १५ टक्के वाढ कायद्यात लिहिली. आमदाराच्या हाती निवेदन द्याल तेव्हा पहिली मागणी ही लिहा: निराधारची रक्कम, तिची वार्षिक वाढ आणि उशीर झाल्यास भरपाई अधिनियमात आणा. निधीची मागणी त्याखाली लिहा.