पुण्यातील फुटबॉल

ब्रिटिश पलटणींबरोबर पुण्यात आलेला आणि छावण्यांच्या आसऱ्याने रुजलेला सांघिक खेळ. पेठांत तो उशिरा पोहोचला आणि लोकप्रिय होऊनही क्रिकेटच्या मागेच राहिला.

इंग्लंडमध्ये १८६३ साली या खेळाचे नियम ठरवणारी मंडळी सुखवस्तू होती. कामगारांना तो मिळाला सुटीमुळे. १८५० च्या कारखाना कायद्याने कापडगिरण्यांतील स्त्रिया व अल्पवयीन मुलांचे काम शनिवारी दुपारी दोनला थांबू लागले. ही अर्धी सुटी हळूहळू इतर धंद्यांतही आली. १८८३ मध्ये ब्लॅकबर्न ऑलिंपिक या गिरणीगावच्या संघाने एफए (इंग्लंडची फुटबॉल संघटना) चषकाच्या अंतिम सामन्यात ओल्ड इटोनियन्सना, म्हणजे ईटन या श्रीमंतांच्या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांच्या संघाला, २-१ असे हरवले आणि १८८५ मध्ये पैसे घेऊन खेळण्यास मान्यता मिळाली. याच कष्टकरी वर्गातून भरती झालेले गोरे शिपाई हिंदुस्थानात येत. म्हणून पुण्यातही फुटबॉल साहेबापेक्षा टॉमीचा (साध्या गोऱ्या शिपायाचा) खेळ होता.

त्याचा भूगोल आजही दिसतो. खडकीत दारूगोळा कारखाना (१८६९) आणि बॉम्बे सॅपर्स या लष्करी अभियंता दलाचे केंद्र, कॅम्पात मिशनरी शाळा आणि गोवेकर, अँग्लो-इंडियन व मुस्लिम वस्ती. मैदाने, सुटीचे वेळापत्रक आणि संघाला लागणारी पोरे तिथे एकत्र होती. पेठांत तालमी होत्या; डेक्कन जिमखान्याने १९१४ मध्ये खो-खोचे नियम बांधले. तिथल्या मुलांना चेंडू लाथाडण्याची गरज भासली नाही, असे म्हणायला हरकत नाही.

खेळ स्वस्त असला तरी मैदान खेळाडूची परीक्षा पाहते. पाच नंबरचा चेंडू ६८ ते ७० सेंमी घेराचा, ४१० ते ४५० ग्रॅम वजनाचा असतो. मुरमाड मैदानावर तो जास्त उसळतो, म्हणून हवा नियमातल्या खालच्या मर्यादेजवळ (०.६ वातावरण दाब) ठेवलेली बरी. मुरमाने शिवण झिजते, गुडघे सोलतात; मग खेळाडू घसरून चेंडू काढणेच सोडून देतात. सामन्याआधी खडे वेचणे, पाणी मारून रोलर फिरवणे आणि शेवटी फक्की मारणे हा क्रम उलटला, तर रेषा पुसून जातात. पावसाळ्यात प्रश्न वेगळा: गोलसमोरची जागा आधी चिखल होते, कारण सर्वाधिक पाय तिथेच पडतात.

व्यावसायिक क्लबांची कहाणी थोडक्यात सांगता येते. पुणे एफसी (स्थापना २००७) २०१२-१३ च्या आय-लीगमध्ये, म्हणजे देशातील तेव्हाच्या अव्वल साखळी स्पर्धेत, दुसरा आला. भारत एफसी एकच हंगाम टिकला. एफसी पुणे सिटी २०१४ मध्ये इंडियन सुपर लीगमध्ये उतरला, २०१७-१८ मध्ये उपांत्य फेरीत बंगळुरूकडून हरला आणि २०१९ मध्ये त्याची जागा हैदराबादने घेतली. बालेवाडीचे मैदान चांगले, पण खडकी-कॅम्पातल्या जुन्या प्रेक्षकाला ते शहराच्या दुसऱ्या टोकाला. मालकांचे भांडवल आटले की क्लबला सांभाळणारे मोहल्ले मागे नव्हते.

नवा प्रेक्षक टर्फवर सापडतो. कृत्रिम गवत, दिवे, भोवती जाळी. दहा-बारा जणांनी वर्गणी काढून तासाचे भाडे भरायचे. दुपारच्या उन्हात गवत तापते, म्हणून गर्दी संध्याकाळनंतरची. तिथे बहुधा ऑफसाइड नसतो आणि जागा आखूड असते. आखूड पास आणि चपळ वळणे लवकर येतात. उंच चेंडू डोक्याने खेळणे आणि चाळीस मीटरचा पास मात्र मोठ्या मैदानावर पुन्हा शिकावा लागतो.