निओनिकोटिनॉइड कीटकनाशके आणि परागवाहक कीटक

निओनिकोटिनॉइड हा निकोटीनशी रचनेने जवळ असलेल्या आंतरप्रवाही (झाडात भिनून रसातून फिरणाऱ्या) कीटकनाशकांचा गट आहे. इमिडाक्लोप्रिड (१९९१ पासून बाजारात), थायमिथोक्झाम, क्लोथियानिडिन, ॲसिटामिप्रिड ही त्यातली परिचित नावे. मावा, तुडतुडे, पांढरी माशी अशा रसशोषक किडींवर ती वापरतात. झाडाच्या रसातून किडीपर्यंत पोहोचणारे औषध मकरंदात आणि परागातही उतरते; परागवाहकांना असलेला धोका इथून सुरू होतो.

कीटकाच्या मज्जासंस्थेत ॲसिटिलकोलीन हे संदेश नेणारे रसायन चेतापेशीवरच्या ज्या ग्राहींना (संदेश घेणाऱ्या जागांना) चिकटते, त्यांनाच हे रेणू चिकटतात. ॲसिटिलकोलीन तोडणारे विकर (एन्झाइम) यांना तोडू शकत नाही, त्यामुळे चेतापेशी सतत उद्दीपित राहते. इमिडाक्लोप्रिड, क्लोथियानिडिन व थायमिथोक्झाम पोटात गेल्यास निम्म्या मधमाश्या मारणारी मात्रा दर माशीमागे ४ ते ५ नॅनोग्रॅमच्या आसपास असते. म्हणजे १ ग्रॅम औषधात अशा किमान २० कोटी मात्रा होतात.

प्रत्यक्षात फुलातून मिळणारे प्रमाण याहून फार कमी, बहुधा अब्जात काही भाग एवढेच असते. त्याने माशी मरून पडत नाही, म्हणून बरीच वर्षे ते निर्धोक मानले गेले. २०१२ मध्ये स्कॉटलंडमधील स्टर्लिंग विद्यापीठात डेव्ह गुलसन आणि सहकाऱ्यांनी या समजाची परीक्षा घेतली. त्यांनी बम्बलबी या केसाळ, मोठ्या माशीच्या ७५ वसाहती घेतल्या. काहींना १४ दिवस अब्जात ६ भाग इमिडाक्लोप्रिड असलेले पराग आणि ०.७ भाग असलेले साखरपाणी दिले, काहींना त्याच्या दुप्पट, तर उरलेल्यांना स्वच्छ अन्न. मग सगळ्या वसाहती ६ आठवडे उघड्यावर ठेवल्या. औषध मिळालेल्या वसाहतींचे वजन ८ ते १२ टक्के कमी भरले. नव्या राण्या मात्र ८५ टक्क्यांनी घटल्या. या माश्यांमध्ये हिवाळा फक्त नव्या राण्याच पार करतात, त्यामुळे पुढच्या वर्षीची संख्या या एका आकड्यावर ठरते.

प्रयोगशाळेतील आहार आणि शेत यांत फरक असतो, हा आक्षेप रास्तच होता. त्याचे उत्तर दक्षिण स्वीडनमधील प्रयोगाने २०१५ मध्ये दिले. तिथे मोहरीवर्गीय तेलबियांच्या शेतांच्या ८ जोड्या निवडल्या. प्रत्येक जोडीतील एका शेतात क्लोथियानिडिन लावलेले बियाणे पेरले, दुसऱ्यात न लावलेले. प्रक्रिया केलेल्या शेतांत रानमाश्यांची संख्या कमी भरली, बम्बलबींच्या वसाहती नीट वाढल्या नाहीत आणि एकट्याने घरटे करणाऱ्या ऑस्मिया माशीने एकाही शेतात अंडीघर बांधले नाही. पाळीव मधमाश्यांच्या वसाहतींवर मात्र ठळक परिणाम दिसला नाही. ही विसंगती नाही. मधपेटीत हजारो कामकरी माश्या असल्याने काही हरवल्या तरी काम चालते. एकटी माशी वाट चुकली की तिचे घरटेच संपते. म्हणून केवळ पाळीव मधमाशीवर चाचणी करून औषध सुरक्षित ठरवणे अपुरे आहे.

अशा अभ्यासात मोठी अडचण असते ती स्वच्छ शेत मिळण्याची. बियाण्याला लावलेल्या औषधापैकी सरासरी ५ टक्क्यांच्या आसपास भागच पिकात जातो. उरलेला मुख्यतः मातीत राहतो आणि पाण्याबरोबर पसरतो. तो बांधावरच्या फुलांतही सापडतो, त्यामुळे औषधी शेताला लागून फुलझाडांची पट्टी लावली तर माश्यांना विषाकडेच बोलावल्यासारखे होऊ शकते. पेरणीची धूळ हाही एक मार्ग आहे. २००८ मध्ये जर्मनीच्या बाडेन-वुर्टेमबर्ग भागात मक्याच्या बियाण्यावरचा क्लोथियानिडिनचा थर नीट चिकटला नव्हता. हवेच्या दाबावर चालणाऱ्या पेरणीयंत्रांनी तो जवळच्या फुललेल्या पिकांवर उडवला आणि मधमाश्यांच्या ११ हजारांहून अधिक वसाहतींना झळ बसली. युरोपीय संघाने इमिडाक्लोप्रिड, क्लोथियानिडिन व थायमिथोक्झाम यांच्यावर २०१३ मध्ये अंशतः आणि २०१८ मध्ये उघड्या शेतासाठी पूर्ण बंदी घातली.

महाराष्ट्रात संकरित कपाशीचे बियाणे बहुधा इमिडाक्लोप्रिड लावूनच येते. सोयाबीनला खोडमाशीसाठी थायमिथोक्झाम ३० टक्के एफएस (बियाण्याला चोळायचे द्रवरूप औषध) बियाण्याच्या किलोमागे १० मिली चोळतात. पण इथे खरी काळजी फुलोऱ्यातल्या फवारणीची आहे, विशेषतः कांदा बीजोत्पादन, सूर्यफूल, डाळिंब आणि वेलवर्गीय पिकांत, जिथे सातेरी, फुलोरी आणि आग्या माश्यांवाचून फळ-बी नीट धरत नाही. माश्या परतल्यावर संध्याकाळी फवारावे, हा सल्ला लवकर विरणाऱ्या स्पर्शजन्य (अंगाला लागून मारणाऱ्या) औषधाला लागू पडतो. आंतरप्रवाही औषध दुसऱ्या दिवशीच्या मकरंदातही असते, म्हणून ते फुले उमलण्याआधी वापरावे किंवा फुलोरा संपेपर्यंत थांबावे. ॲसिटामिप्रिड मधमाशीला या गटात तुलनेने सौम्य आहे, कारण तिच्या शरीरातील विकरे ते लवकर मोडतात. प्रोपिकोनॅझोलसारखे बुरशीनाशक नेमके हीच विकरे अडवते. प्रयोगशाळेत या जोडीने ॲसिटामिप्रिडची विषारीता सुमारे १०० पट वाढलेली आढळली आहे. त्यामुळे फुलोऱ्यात ही दोन औषधे एकाच पंपात मिसळू नयेत.