डॉ. जॉन्सन खरंच त्या पबात बसायचे का?

लंडनला फ्लीट स्ट्रीटलगतच्या बोळात ‘ये ओल्ड चेशायर चीज’ हा जुना पब आहे. कोशकार डॉ. जॉन्सन इथे नेहमी बसायचे, असं छातीठोकपणे सांगतात. पुरावा? त्यांच्या हयातीतला एकही नाही. बारीकसारीक टिपून ठेवणारा त्यांचा चरित्रकार बॉझवेल ‘मायटर’, ‘टर्क्स हेड’ या अड्ड्यांची नावं देतो, याचं नाही. जॉन्सन यांचं घर मात्र हाकेच्या अंतरावर, गफ स्क्वेअरला, त्यामुळे कधी डोकावले असतीलही. लंडनच्या १६६६ च्या मोठ्या आगीनंतर १६६७ मध्ये पब पुन्हा बांधला, हे खरं.

मालकांकडचा अस्सल वारसा वेगळाच आहे: १८२९ मध्ये कामाला लागलेल्या विल्यम सिम्पसन या वेटरचं चित्र. गिऱ्हाइकांनी वर्गणी काढून ते करवलं आणि दर नव्या मालकाकडे सोपवायचं, असं त्यावरच लिहून ठेवलं.