एकास बारा: फुटपाथच्या उताराचं गणित

फुटपाथची कड साधारण पंधरा सेंटिमीटर उंच असते. धडधाकट माणूस ती न बघताही चढतो. व्हीलचेअरवर बसलेल्या माणसाचा रस्ता मात्र तिथेच संपतो, आणि त्यामागचं कारण साध्या यंत्रशास्त्राचं आहे. व्हीलचेअरची पुढची चाकं लहान असतात. समजा त्यांचा व्यास साडेबारा सेंटिमीटर आहे, म्हणजे त्रिज्या सव्वासहा. गोल चाक नुसतं पुढे ढकलून पायरीवर चढवायचं, तर पायरीची उंची त्रिज्येपेक्षा कमीच हवी. ती त्रिज्येइतकी झाली की कितीही जोर लावा, चाक कडेवर दाबलं जातं, वर सरकत नाही. सराव असलेले काही जण पुढची चाकं उचलून, मागच्या चाकांवर तोल सांभाळत कड चढतात. पण त्यासाठी खांद्यांत आणि हातांत जी ताकद लागते ती सगळ्यांकडे नसते.

म्हणून रॅम्प. अमेरिकेत मिशिगन राज्यातल्या कॅलामझू शहरात १९४५ च्या सुमारास माजी सैनिक आणि वकील जॅक फिशर यांच्या पाठपुराव्यामुळे काही कोपऱ्यांवर असे उतार बांधले गेले. पुढे कॅलिफोर्नियातल्या बर्कलीमध्ये पोलिओमुळे मानेखालचं शरीर लुळं पडलेल्या एड रॉबर्ट्स आणि त्यांच्या विद्यार्थी मित्रांनी ही मागणी चळवळीसारखी लावून धरली. बर्कलीच्या नगर परिषदेने १९७१ मध्ये रॅम्प बांधण्याचं ठरवलं, आणि १९९० च्या अमेरिकी दिव्यांग कायद्याने ती गोष्ट देशभर बंधनकारक झाली. तरीही आज तिथे हजारो जुने रॅम्प फोडून पुन्हा बांधले जात आहेत. मला या विषयातलं सगळ्यात महत्त्वाचं हेच वाटतं. रॅम्प आहे, पण तो काही मिलिमीटरने किंवा एखाद्या टक्क्याने चुकलाय, तर ज्याच्यासाठी बांधला त्याला तो वापरता येत नाही.

चढाचंच बघा. मान्य असलेला सर्वांत तीव्र चढ एकास बारा, म्हणजे एक सेंटिमीटर उंची चढायला बारा सेंटिमीटर लांबी. पंधरा सेंटिमीटरच्या कडेला एक मीटर ऐंशी सेंटिमीटरचा उतार. माणूस आणि खुर्ची मिळून ९० किलो धरले, तर एकास बाराच्या चढावर गुरुत्वाकर्षण सुमारे साडेसात किलोच्या वजनाइतकं मागे ओढतं. जागा कमी म्हणून कंत्राटदाराने तोच रॅम्प एक मीटर वीस सेंटिमीटरमध्ये बसवला, तर चढ एकास आठ होतो आणि ओढ सव्वाअकरा किलोंवर जाते. उतरताना तोच जोर खुर्चीला थेट वाहनांच्या दिशेने खेचतो आणि तळहातांनी चाकांच्या कड्या आवळून तिला थोपवावं लागतं.

रॅम्प संपून डांबर सुरू होतं तिथला ओठ आणखी त्रासाचा. समजा तिथे सव्वा सेंटिमीटरची पायरी राहिली आहे. आपल्या सव्वासहा सेंटिमीटर त्रिज्येच्या चाकाला ती पार करायला, त्या चाकांवर असलेल्या भाराच्या पाऊणपट आडवा जोर लागतो. मागच्या, साठ सेंटिमीटर व्यासाच्या चाकाला तीच पायरी त्याच्यावरच्या भाराच्या तीस टक्के जोरात पार होते. खुर्ची अडते ती नेहमी पुढे, आणि वेगात असेल तर बसलेला माणूस पुढे फेकला जातो. म्हणून अमेरिकी मानकांनुसार रॅम्प आणि रस्ता एका पातळीत मिळायला हवेत. रस्त्याच्या मध्याकडून रॅम्पच्या तळाकडे येणारा उलटा उतारही एकास वीसपेक्षा तीव्र चालत नाही, नाहीतर पाय ठेवायची पट्टी जमिनीला घासते.

आडव्या उताराकडे तर कुणाचं लक्षच जात नाही. पाणी वाहून जावं म्हणून फुटपाथ एका बाजूला किंचित कलता ठेवतात. तो कल दोन टक्क्यांच्या वर गेला की खुर्ची सारखी खालच्या बाजूला वळायला लागते, आणि सरळ जायचं तर एकाच हाताने जास्त जोर लावत राहावं लागतं.

कोपऱ्याच्या मधोमध बांधलेला एकच तिरका रॅम्प ही जुन्या कामांमधली आणखी एक खोट. एका रॅम्पमध्ये दोन्ही बाजूंचं भागतं, खर्च वाचतो. पण तो माणसाला झेब्रा क्रॉसिंगकडे न नेता चौकाच्या मध्याकडे नेतो. त्यामुळे जमेल तिथे आता प्रत्येक क्रॉसिंगसमोर वेगळा रॅम्प करतात.

अंध व्यक्तींची अडचण वेगळीच होती. पांढऱ्या काठीला लागणारी फुटपाथची कड हीच त्यांच्यासाठी ‘इथे रस्ता सुरू होतो’ ही खूण. रॅम्पने ती पुसून टाकली. एकाची सोय दुसऱ्याच्या जिवावर येऊ नये म्हणून उपाय लागला तो जपानमधून. सेइइची मियाके यांनी तयार केलेल्या उंचवट्यांच्या फरशा १९६७ मध्ये ओकायामा शहरात पहिल्यांदा बसवल्या गेल्या. अमेरिकेत रॅम्पच्या तळाशी याच धर्तीची सुमारे साठ सेंटिमीटर रुंद पट्टी असते. तिच्यावरचे उंचवटे जेमतेम पाच मिलिमीटर उंच. बुटाच्या तळव्यातून आणि काठीच्या टोकाला कळतील, पण चाकाला अडवणार नाहीत असे. पट्टीचा रंगही आजूबाजूच्या काँक्रीटपासून उठून दिसणारा, कारण अंधुक दिसणाऱ्यांना तोच आधार असतो.

हे सगळं घडवून आणायला तिथेही कोर्टाची पायरी चढावी लागली. फिलाडेल्फियाच्या एका खटल्यात १९९३ मध्ये अपील न्यायालयाने ठरवलं की रस्त्यावर डांबराचा नवा थर टाकला म्हणजे रस्त्यात बदल केला, म्हणून त्याच कामात रॅम्पही करून द्यायचे. लॉस एंजेलिसने २०१६ च्या तडजोडीत फुटपाथ आणि रॅम्पसाठी ३० वर्षांत १.३ अब्ज डॉलरहून अधिक खर्च करण्याचं कबूल केलं.

आपल्याकडे दिव्यांग हक्क कायदा २०१६ चा आहे, आणि रॅम्प असलेले फुटपाथही आता दिसतात. पण डांबरावर डांबर चढतं तेव्हा रॅम्पच्या तोंडाशी नवी पायरी किंवा खळगा तयार होतो, आणि दुचाकी चढू नयेत म्हणून ठोकलेल्या खांबांमधून कधी कधी व्हीलचेअरही जात नाही. खांब लावण्याआधी खुर्चीची रुंदी मोजणं एवढं अवघड नाही.

आपल्या भागातला रॅम्प तपासायला मोबाइल पुरतो. कोन दाखवणारं लेव्हलचं अ‍ॅप सुरू करा आणि फोन चढाच्या दिशेने रॅम्पवर ठेवा. एकास बारा म्हणजे सुमारे ४.८ अंश, त्याच्या वरचा आकडा आला तर चढ जास्त आहे. मग फोन आडवा ठेवा, तिथे सव्वा अंशाच्या आत असायला हवं. शेवटी रॅम्प आणि डांबर मिळतात तिथे पट्टी उभी धरून ओठ मोजा. वॉर्ड ऑफिसला तक्रार देताना ‘रॅम्प नीट नाही’ असं न लिहिता हे तीन आकडे आणि फोटो द्या.