कुंडीतील डॅफोडिल लागवड

नार्सिसस प्रजातीतील कंदवर्गीय फुलझाडांना डॅफोडिल म्हणतात. ॲमारिलिडेसी कुलातील या झाडांचे मूळ घर प्रामुख्याने स्पेन, पोर्तुगाल आणि भूमध्य समुद्राचा पश्चिम भाग. सहा पाकळ्या आणि मधोमध कपासारखा किंवा कर्ण्यासारखा मुकुट ही फुलाची खूण. ब्रिटन, नेदरलँड्स व एकूणच थंड हवेच्या देशांत डॅफोडिल बागेइतकेच कुंडीतही लावतात. वेल्सचे तर ते राष्ट्रीय फूल. 1 मार्चला, संत डेव्हिडच्या दिवशी, तिथले लोक ते कोटावर लावून हिंडतात.

कुंडीतल्या लागवडीचे यशापयश थंडीवर ठरते. दुकानातून आणलेल्या निरोगी, टपोऱ्या कंदात पुढच्या फुलाची कळी आधीच तयार असते. तो उभा चिरला तर पांढऱ्या पापुद्र्यांच्या गाभ्यात ती बारीकशी दिसते. पण दांडा लांब होऊन ही कळी वर यायची तर बहुतेक जातींना सुमारे 12 ते 16 आठवडे 2 ते 9 अंश सेल्सिअसचा गारवा लागतो. तो कमी पडला की पाने येतात, दांडा मात्र आखूड राहतो आणि कळी आवरणातच सुकते. अशा वेळी खतावर खर्च करून उपयोग नसतो.

रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीने डॅफोडिलचे 13 विभाग केले आहेत. त्यांतले सगळेच कुंडीला सारखे शोभत नाहीत. ‘किंग आल्फ्रेड’सारखे मोठ्या कर्ण्याचे वाण उंच वाढतात, वाऱ्याने कलंडतात. त्यांना खोल, जड कुंडी हवी. कुंडीसाठी पहिली पसंती द्यावी ती ‘टेट-आ-टेट’ला. इंग्लंडमधल्या कॉर्नवॉलच्या ॲलेक ग्रे यांनी 1940 च्या दशकात तयार केलेला हा वाण जेमतेम 15 ते 20 सेंमी. उंच होतो आणि त्याच्या एकेका दांड्यावर बहुधा दोन-तीन पिवळी फुले येतात. तो वांझ असल्याने बी धरत नाही. कंद फुटूनच त्याची वाढ होते. पाकळ्या मागे वळलेला, नारिंगी मुकुटाचा ‘जेटफायर’, शुभ्र आणि मान झुकवलेला ‘थालिया’, फिकट पिवळ्या इवल्या फुलांचा ‘हवेरा’ हेही कुंडीत चांगले रमतात. सुगंध हवा असेल तर जॉनक्विल किंवा टॅझेटा गटातले वाण निवडावेत.

थंड देशांत कंद सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये लावतात. कुंडीच्या तळाला भोके हवीतच, कारण ओल साचली की फ्युझेरियम बुरशीने कंद बुडापासून सडतो. मातीत चांगले कुजलेले खत आणि जाड वाळू मिसळावी. कंदाच्या उंचीच्या दोन ते तीनपट खोल, शेंडा वर ठेवून आणि कंद एकमेकांना टेकणार नाहीत एवढे अंतर राखून लावावेत. 20 ते 25 सेंमी. व्यासाच्या कुंडीत पाच ते सात मोठे कंद मावतात, लहान जातींचे त्याहून बरेच जास्त. घरात लवकर फुलवायचे असतील तर शेंडे मातीबाहेर डोकावतील असे उथळ लावून कुंडी गार, अंधाऱ्या जागी ठेवतात आणि मुळे धरून कोंब वर आल्यावर उजेडात आणतात. ती एकदम उबदार खोलीत आणण्याची घाई करू नये. पाने लांबुळकी होतात, फुलेही लवकर मावळतात.

टॅझेटा गटाची गोष्ट वेगळी. यातल्या ‘पेपरव्हाइट’ला थंडीची गरज नसते. उथळ भांड्यात खडे पसरून त्यावर कंद बसवायचे आणि पाणी फक्त बुडाला लागेल इतकेच ठेवायचे. चार ते सहा आठवड्यांत पांढऱ्या फुलांचे झुबके येतात. वास मात्र उग्र, काहींना बंद खोलीत नकोसा वाटणारा. दांडे उंच होऊन लोळतात, त्यावर अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात शोधलेला उपाय असा: मुळे धरून कोंब थोडे वाढले की साध्या पाण्याऐवजी 4 ते 6 टक्के अल्कोहोल असलेले पाणी द्यायचे. त्याने झाड सुमारे एक तृतीयांश बुटके राहते, फुले मात्र तेवढीच मोठी येतात. चीनमध्येही याच गटातले कंद चांद्र नववर्षाला उथळ पात्रात पाण्यावर फुलवतात. पाने वळणदार वाढावीत म्हणून कंद आधी चाकूने कोरतात.

मुंबई-पुण्याकडच्या घरात हाच गट सर्वांत भरवशाचा. पुणे-नाशिकला हिवाळ्यात रात्री गारठा पडतो, पण दिवसाचे ऊन इतर जातींना लागणारा गारवा टिकू देत नाही. त्यांचे कंद कागदी पिशवीत घालून फ्रीजमध्ये भाजीच्या कप्प्यात ठेवता येतात, मात्र सफरचंद, केळी यांच्यापासून दूर. फळांतून निघणारा इथिलीन वायू आतली कळी मारतो. डिसेंबरात लावून सकाळचे कोवळे ऊन दिले की फुले मिळतात. तेच कंद पुढच्या वर्षी पुन्हा फुलतील ही आशा आपल्या हवेत धरू नये.

थंड प्रदेशात मात्र फुलांनंतरचे दिवस मोलाचे. सुकलेले फूल खुडावे, पाने निदान सहा आठवडे तशीच राहू द्यावीत. पिवळी पडू लागलेली पाने दिसायला वाईट म्हणून लोक ती कापतात किंवा गाठी मारून बांधतात, आणि पुढल्या वसंतात नुसतीच पाने उगवतात. पुढचे फूल याच पानांच्या अन्नावर घडते, म्हणून या काळात पाणी आणि पोटॅशयुक्त द्रवखत चालू ठेवावे.

डॅफोडिलच्या सर्व भागांत, विशेषतः कंदात, लायकोरिन हे विषारी द्रव्य असते. कंद कांद्यासारखा दिसत असल्याने तो चुकून खाल्ला जाऊन उलट्या झाल्याच्या घटना घडल्या आहेत. फ्रीजमध्ये ठेवताना पिशवीवर ठळक नाव लिहावे. मुले, कुत्री-मांजरे यांच्या हाती-तोंडी कंद लागू देऊ नयेत. चिकाने काहींच्या हाताला खाज सुटते. कापलेली फुले ट्यूलिपसोबत एकाच फुलदाणीत ठेवायची असल्यास आधी काही तास वेगळ्या पाण्यात ठेवून चीक निथळू द्यावा, नाहीतर ट्यूलिप लवकर माना टाकतात.